नम्र सेवकांचा सुळसुळाट

'आपला अत्यंत आज्ञाधारक आणि अत्यंत नम्र सेवक.' अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सभ्य माणसाने काहीही लिहिलं तरी खाली हेच. जकातीच्या कचेरीत नोकरी मागायची असो, थकलेलं येणं मागायचं असो, की उद्या पहाटे पिस्तूल घेऊन माळावर या असं आव्हान द्यायचं असो. तुमच्या छातीत गोळी घालायला निघालेला गृहस्थ आदल्या दिवशी लेखी कळवायचा की तो तुमचा आज्ञाधारक सेवक आहे. सगळी माणसं समान म्हणून 1776 साली जगाला सांगून झालेलं, राजाला वाटेला लावलेलं, आणि टपालाच्या थैलीत बघावं तर सेवकच सेवक.

हे सेवकपण एका ओळीत मावत नसे. 'मला हे सांगण्याचा मान आहे' एका ओळीत, 'की महाराज' त्याच्या खाली जरा उजवीकडे, 'पूर्ण आदरपूर्वक' आणखी खाली, आणखी उजवीकडे, असा नम्रपणा जिना उतरत उतरत कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पोचायचा. तिथे सही. तीही फर्डी, खाली दोन वेलांट्यांसकट. आपल्याकडे त्याच सुमाराला पुण्याहून निघालेली पत्रं 'बहुत काय लिहिणे' म्हणायची आणि खरोखर थांबायची. यांना थांबणं माहीत नव्हतं.

आणि मागायचं काय, तर बंदरातली जागा. 1789 च्या उन्हाळ्यात नव्या सरकारने आयात मालावर कर बसवला, किनाऱ्यावर जकातीचे जिल्हे आखले आणि एका फटक्यात कलेक्टर, सर्व्हेअर, तपासनीस, मापाडी अशी खुर्च्यांची रांग लागली. किनाऱ्यावरचे दीपस्तंभही त्याच वर्षी केंद्राने ताब्यात घेतले. त्यातल्या दिव्यात तेल घालणाऱ्या माणसाची नेमणूक थेट राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीला जायची. स्पर्धा परीक्षेचा कायदा यायला 1883 उजाडायचं होतं. तोवर परीक्षा एकच: पत्र.

ही पत्रं एकामागून एक वाचली की पुढचं पत्र वाचायची गरज उरत नाही, माणूस स्वतःच लिहू शकतो. घ्या नमुना, माझ्या हातचा. 'महाराज, मला पदाची हाव नाही.' (ही ओळ आली नाही तर पत्र नापास.) 'मी माझ्या शेतावर सुखी आहे. परंतु मित्रांनी आग्रह धरला.' हे मित्र कोण, हे कधीच कळत नाही. आजही कळत नाही, फक्त आता त्यांना कार्यकर्ते म्हणतात. 'युद्धात मी देशासाठी सर्वस्व दिले. त्याबद्दल मिळालेले कागदी चलन आता भिंतीला चिकटवण्याच्या लायकीचे आहे.' हे मात्र खरं, त्या नोटांची किंमत खरोखरच मातीमोल झाली होती. 'मला नऊ मुले आहेत.' मुलांची संख्या ही पात्रता कधीपासून झाली ते विचारू नये. जकातीचा हिशेब नऊ मुलांचा बाप अधिक चोख ठेवतो, अशी समजूत असावी. 'मी सुखी आहे असे वर म्हटले, ते मनाने. शेत गहाण आहे. अमुक बंदराच्या कलेक्टरची जागा माझ्या अल्प योग्यतेला शोभेल. ती गेली असल्यास सर्व्हेअरची. तीही गेली असल्यास महाराजांना जी योग्य वाटेल ती, मात्र तिचे उत्पन्न कलेक्टरहून फार कमी नसावे. सध्याचे कलेक्टर माझे परममित्र आहेत, देव त्यांना शंभर वर्षे देवो. त्यांचा खोकला गेल्या महिन्यापासून वाढला आहे.' आणि मग जिना. मान आहे, की महाराज, पूर्ण आदरपूर्वक, अत्यंत आज्ञाधारक, अत्यंत नम्र. खोकणारा परममित्र अजून जिवंत आहे, आणि हा तिसऱ्या पायरीवर पोचलाही.

इथवर हसायला हरकत नाही. पुढे मला हसू येत नाही. 1792 च्या टपाल कायद्यानुसार 450 मैलांच्या पुढे एका कागदाच्या पत्राला 25 सेंट पडत. दोन कागद असतील तर दुप्पट, तीन असतील तर तिप्पट, आणि पैसे बहुधा ज्याला पत्र आलं त्याने भरायचे. म्हणून गरीब आई लेकाला लिहायची ते एकाच कागदावर, अक्षर बारीक करून, समासही न सोडता. पाकीट वापरायची सोय नाही, कारण पाकीट म्हणजे आणखी एक कागद. राष्ट्राध्यक्षांना जाणारं पत्र मात्र फुकट! म्हणजे आईच्या मायेला ओळीओळीचा हिशेब, आणि नम्र सेवकाच्या जिन्याला वाटेल तितक्या पायऱ्या, सरकारी खर्चाने. घोड्याच्या पाठीवरून, चिखलातून, शेकडो मैल ही थैली जायची ती या खोकल्याच्या बातम्या घेऊन. आणि सेवक, सेवक काय लावलंय? त्या देशात खरे सेवक लाखांनी होते. विकत घेतलेले. जकात कलेक्टरची जागा शेतावरच्या सुखातून मागणाऱ्या कितीतरी जणांचं ते सुख त्यांच्याच पाठीवर उभं होतं. त्या गुलामांतल्या बहुतेकांना कुणाला 'आपला आज्ञाधारक' म्हणून लिहिता येत नव्हतं; दक्षिण कॅरोलिनात तर गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला 1740 च्या कायद्याने शंभर पौंड दंड होता. ज्याची आज्ञाधारकता चाबकाने वसूल होत होती त्याच्या हाती लेखणी द्यायची नाही, आणि ज्याने जन्मात कुणाची आज्ञा ऐकली नाही त्याने ती शब्दाशब्दाने कागदावर सांडायची. वर टपालखर्च माफ.

असो. यातल्या एखाद्याला जागा मिळायची. मग दुसरं पत्र यायचं. बंदर लहान आहे, जहाजं कमी येतात, फीवर भागत नाही, नऊ मुलांतली थोरली लग्नाची झाली होती ती उजवली, जावई सालस आहे, त्याचं हस्ताक्षर वळणदार आहे, आणि त्याला पदाची मुळीच हाव नाही.