सुकेळी-न्याय

वसईतील पापडीच्या तलावाकाठी पहाटे जो देहधारी समुदाय प्रदक्षिणा घालताना दृष्टीस पडतो, त्याचे सूक्ष्म अवलोकन करणाऱ्यास एवढे निश्चित कळून येते की, वजन उतरविण्याच्या कार्यात आमच्या गावी दोन पंथ असून, त्यांना परस्परांच्या शास्त्राविषयी जितका तिटकारा आहे तितका तळलेल्या पदार्थांविषयी मुळीच नाही. पहिला चालपंथ. त्याचे अनुयायी पांढरे बूट चढवून तलावाला फेऱ्या मारतात, घाम टिपतात आणि श्रमाचा मोबदला हा रयतेचा हक्कच होय अशा समजुतीने, परतीच्या वाटेवर गाडीपाशी थांबून तो मोबदला वडापावाच्या रूपाने जागच्या जागी वसूल करतात. दुसरा उपासपंथ. याचे अनुयायी ताटातील पोळी निम्मी करतात, आणि एवढा त्याग केलेल्या देहास पुन्हा चालावयास लावणे म्हणजे एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा देणे होय असे मानून, पहिल्या मजल्यावर जाण्यासाठीही लिफ्टची वाट पाहत उभे राहतात.

प्रस्तुत लेखकाने या दोन्ही पंथांची दीक्षा क्रमाने घेतली आणि दोहोंत सारखेच अपयश संपादन केले, हे येथे कबूल करणे भाग आहे. पहिल्यात बुटांचे तळवे झिजले, पोट होते तसेच राहिले. दुसऱ्यात काटा आठवडाभरात खाली आला आणि त्याहूनही अधिक तत्परतेने आपल्या मूळ जागी रुजू झाला. तेव्हा ही कैफियत कोणापुढे मांडावी या विवंचनेत असता, देह नावाच्या कचेरीचे दप्तरच एकदा उलगडून पाहावे असे मनात आले.

त्या कचेरीतील रोजकीर्द कॅलरी नावाच्या नाण्यात लिहिली जाते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींची ठेव. मध्यम चणीचा गृहस्थ पाऊण तास झपझप चालला तर खर्ची पडतात त्या २०० च्या आसपास. एका वडापावाची जमा मात्र ३०० च्या घरात. म्हणजे आमचा चालपंथी रोज पहाटे शंभर कॅलरींचा नफा गाठीस बांधून घरी परततो आणि वर नशिबाला बोल लावतो! वडा वर्ज्य करून तो नुसता चालत राहिला तरी एका किलोस अडतीस-एकोणचाळीस दिवस लागावेत. परंतु चालण्याच्या २०० आणि ताटातून वगळलेल्या ३०० अशा ५०० कॅलरी रोज वजा पडल्या, तर तोच किलो कागदोपत्री पंधरवड्यात उतरतो. कागदोपत्री म्हणावयाचे कारण असे की, देह हलका होऊ लागला की त्याचा खर्चही घटतो. काटकसरीत ही कचेरी कोणत्याही फडणिसाला हार जाणारी नाही. बरे, केवळ उपाशी राहून जे वजन जाते त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. अडगळ विकावयास काढावी आणि गिऱ्हाइकाने तिच्यासोबत गोठ्यातला कमावता बैलही सोडून न्यावा, तसा तो व्यवहार होतो. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगून थांबत नाही, तर दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रमही सांगते.

हे ज्ञान नवे आहे असेही नाही. चरकसंहितेने आठ निंदित देहांत अतिस्थूलाची गणना करून, त्याच्यासाठी पचावयास जड पण पोषणास अल्प असा आहार आणि व्यायाम ही दोन्ही एकाच प्रकरणात सांगितली व व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावयास सांगितला. आमच्या काळात, डॉ. श्रीकांत जिचकारांपासून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रास जो कायदा घालून दिला त्यातही कलमे दोन आहेत: दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. आमच्या सोसायटीतील उपासपंथीयांस पहिले कलम मिनिटांसह मुखोद्गत आहे, इतके की पंचावन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी संपविण्याची त्यांची लगबग हाच त्यांचा दिवसातला सर्वांत जोरकस व्यायाम होय. दुसरे कलम मात्र ते परिशिष्ट समजून वाचीत नाहीत.

या बाबतीत पापडीत धर्मभेद नाही, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. श्रावणी सोमवारी आमच्या घरी भात वर्ज्य होतो आणि त्याच्या जागी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट व वर साजूक तूप यांची नेमणूक होते. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की शेजारच्या ख्रिस्ती बंधूंच्या घरी शुक्रवारी मटण वर्ज्य होते, आणि तळलेल्या पापलेटाचा सुगंध भिंत ओलांडून आमच्या निष्ठेची परीक्षा पाहतो. दोहोंकडे आत्म्याचे जे कल्याण होत असेल ते होवो. देहाच्या खतावणीत त्या दिवशी नेहमीपेक्षा जमाच अधिक पडते.

याच वसईत एके काळी आमचे वाडवडील नारळाच्या रसातले कालवण आणि भाताचा ढीग खात, तरी त्यांच्यापैकी कोणी तलावाभोवती फिरल्याचे ऐकिवात नाही. कारण पहाटे रहाट, दिवसभर केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत खुरपणी आणि डोक्यावर भाजीची पाटी, एवढी खर्चाची बाजू त्यांच्या जमेला पुरून उरत असे. वाडीच्या जागी इमारत आली, विहिरीवर पंप बसला, पाटी टेम्पोत गेली. पान तेवढे पूर्वीइतकेच वाढले जाते. खर्चाची सारी खाती बंद करून जमेची वंशपरंपरा चालू ठेवणाऱ्या संस्थानाचे जे होते तेच आमच्या कमरेचे झाले.

आता आठवडाभरात काटा कसा उतरला, या गूढाचा उलगडा अखेर वसईच्याच एका जिन्नसाने केला. राजेळी केळी सोलून उन्हात वाळविली की त्यांची सुकेळी होतात. केळ्यातले पाणी जाते, वजन झपाट्याने उतरते, साखर मात्र होती तेवढी सारी आत बसून राहते. कडक उपासाच्या पहिल्या आठवड्यातही असेच काहीसे घडते: देहात साठविलेली साखर खर्ची पडते, तिने धरून ठेवलेले तिच्या तिप्पट पाणी निघून जाते, काटा आनंदाने खाली येतो आणि चरबी बहुतांशी जागच्या जागी बसून राहते. संस्कृतात काकतालीय, देहलीदीप इत्यादी लौकिक न्याय आहेतच; त्यांच्या पंक्तीस हा सुकेळी-न्याय बसविण्यास पंडितांची हरकत नसावी.

हा सिद्धांत मी काल तलावाच्या कठड्यावर बसून एका ज्येष्ठ चालपंथीयास सविस्तर सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, पिशवीतून केळीच्या वाळक्या पानात बांधलेली पुडी काढली आणि म्हणाले, "घ्या भाऊ. वाळलेली आहेत, हलकी असतात." मी दोन घेतली. घेण्यापूर्वी मी त्या दिवशी एक फेरी जास्त मारली होती, हे मात्र रोजकिर्दीत अवश्य नोंदवून घ्यावे.