फुकटात भांडण मिळत नाही

मुंबईच्या उपनगरात राहणारा माणूस करारांनी घेरलेला असतो. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा, रेल्वेचा पास तीन महिन्यांचा, गृहकर्ज वीस वर्षांचं. गाडीत "कुठं उतरणार?" असं विचारून मुलुंडपासून राखून ठेवलेली घाटकोपरची सीट, तोही एक करारच, आणि तो मोडला तर वर उल्लेखलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त आवाज होतो. अशा माणसाला निदान टीव्ही तरी बिनकराराचा असावा असं वाटलं, तर त्यात गैर काय?

तसा टीव्ही आहे. सरकारी आहे, आणि आपल्याला तो आठवत नाही याचं कारणही बहुधा तेच. 16 डिसेंबर 2004 रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते प्रसार भारतीची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा सुरू झाली. पुढे तिचं नाव 'डीडी फ्री डिश' झालं. एकदाच छत्री आणि डबा विकत घ्यायचा, दोनेक हजारांत काम होतं, आणि नंतर जन्मभर कुणाला पैसा द्यायचा नाही. रिचार्ज नाही, पॅक नाही, मुदत संपल्याचा मेसेज नाही. तुमचं नाव काय, हेही कुणी विचारत नाही. देशात चार कोटींहून अधिक घरांवर ही छत्री असल्याचा अंदाज आहे.

आमच्या घरी हा विषय निघाला तो महिन्याचा हिशेब लिहिताना. सौभाग्यवतींनी वहीतून मान वर न करता विचारलं, "अहो, आपण टीव्हीचे पैसे भरतो, इंटरनेटचे भरतो, वर त्या दोन ॲपचे भरतो. मग बघतो काय?" खरं उत्तर 'संध्याकाळच्या दोन मालिका आणि बातम्या' असं होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. म्हणून मी फ्री डिशची माहिती काढायला बसलो.

पहिली अडचण दिशेची. फ्री डिश ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर ठाण मांडून आहे. मुंबईहून पाहायचं तर छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि मान चांगलीच वर हवी. आता गंमत बघा. बोरिवलीत पश्चिमेची हवा, अंधेरीत समुद्राचा तुकडा, मुलुंडला येऊरचे डोंगर, या दिशांसाठी बिल्डर चौरस फुटामागं जादा पैसे घेतो. आग्नेयेचे कुणी घेत नाही, कारण तिकडं बहुधा शेजारच्या पुनर्विकासाचा टॉवर असतो. आपण लाखो रुपये मोजून ज्या दिशेला तोंड करून बसलो, तिकडं उपग्रह नाही. उलट घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर, पत्र्याच्या छपरावर विटांनी दाबून ठेवलेली छत्री आकाशाशी थेट बोलत असते. आकाशाच्या बाबतीत उपनगरात गरीब कोण आणि श्रीमंत कोण, हे एकदा गच्चीवर उभं राहून ठरवावं.

गच्ची म्हटलं की सोसायटी आली. छत्री फुकटात चालते, पण ती लावायला परवानगी लागते. सेक्रेटरीसाहेबांचे प्रश्न ठरलेले: वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार का? वायर बाहेरून घेणार की डक्टमधून? आणि उद्या सगळेच लावतो म्हणाले तर? परवानगी मिळाली की कारागीर येतो. तो हातातलं छोटं यंत्र वायरला जोडून छत्री नखभर डावीकडं, नखभर वर सरकवतो. यंत्र टीं टीं करतं, आणि तो खाली ओरडतो, "आलं का?" खालून आवाज येतो, "गेलं!" छत्री घट्ट बसली की तिच्या दांडीवर दुसऱ्या दिवशी कबुतर येऊन बसतं. कबुतराचंही कुणाशी करारपत्र नसतं.

दुसरी अडचण, कोणत्या वाहिन्या दिसतील ही. सह्याद्री दिसते, संसदेच्या वाहिन्या दिसतात, दूरदर्शनचं सगळं कुटुंब दिसतं. खासगी वाहिन्यांना मात्र प्रसार भारतीच्या लिलावात जागा विकत घ्यावी लागते. म्हणजे पैसे आपण देत नाही, वाहिनी देते, आणि आपण जाहिराती बघून ते फेडतो. मोठ्या समूहांच्या हिंदी करमणुकीच्या वाहिन्या 2019 मध्ये इथून उठून गेल्या, 2020 मध्ये परतल्या, 2022 मध्ये पुन्हा गेल्या; मानपानावरून रुसलेली वरमाई मांडवात आत-बाहेर करते तशा. क्रिकेटप्रेमींसाठी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, असा 2007 चा कायदा आहे. ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये ठरवलं. म्हणजे फुकट्याला दिसणारा सामना पैसे भरणाऱ्याला त्याच दूरदर्शनवर दिसेलच असं नाही. अशी मौज रोज येत नाही.

पैसे भरणाऱ्यांची मौज 2019 मध्ये झाली होती. नियामक ट्रायनं ठरवलं, जी वाहिनी बघाल तिचेच पैसे द्या. शंभर वाहिन्यांपर्यंत 130 रुपये, वर जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. त्यानंतर प्रत्येक वाहिनीची वेगळी किंमत. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीची किंमत 19 रुपयांपेक्षा जास्त नको, असा नियम होता. म्हणून बऱ्याच लोकप्रिय वाहिन्यांनी नेमके 19 रुपयेच लावले. त्या दिवसांत घरोघरी जे कागद भरले गेले, ते मला अजून आठवतात. आजीची भक्तीची वाहिनी, आजोबांच्या बातम्या, नातवाची कार्टून, आणि प्रत्येकाच्या मनात 'दुसऱ्याची काढली तर किती वाचतील' हा हिशेब. बेरीज झाल्यावर कळलं, की स्वातंत्र्य आधीच्या पॅकपेक्षा महाग पडतंय. लोकांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि पुन्हा पॅकच घेतला.

आणि त्याही आधी केबलवाला होता. नव्वदीच्या दशकात त्यानं आंब्याच्या झाडावरून, गच्चीच्या कठड्यावरून, प्रसंगी दुसऱ्याच्या बाल्कनीतून वायर ओढून आपल्याला जग दाखवलं. त्याच्याशी कागदाचा करार कधीच नव्हता. पहिल्या आठवड्यात दारात यायचा, पावती फाडायचा, "या महिन्यात जमेल तसं द्या, काकू" म्हणायचा. ऐन मालिकेच्या वेळी चित्र गेलं की काकू खिडकीतूनच त्याचा उद्धार करायच्या, आणि पंधरा मिनिटांत शिडी घेतलेला मुलगा हजर व्हायचा. पुढं सगळं डिजिटल झालं, भांडण ग्राहकसेवेकडं गेलं. तिथं मराठीसाठी अमुक आकडा, तक्रारीसाठी तमुक आकडा, आणि मग बराच वेळ संगीत. तरी कुणीतरी होतं. शेवटी एखादा थकलेला आवाज "आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे" म्हणायचा आणि आपल्याला जिंकल्यासारखं वाटायचं.

फ्री डिशला हेच नाही. जुलैत आभाळ कोसळतं, पावसाचे थेंब उपग्रहाचा संदेश वाटेतच गिळतात, पडद्यावर चौकोनी तुकडे नाचतात. ओरडायचं कुणावर? वरुणावर? आवडती वाहिनी लिलावात मागं राहिली, तर जाब कुणाला विचारायचा? आपण दरमहा जे भरत होतो, ते वाहिन्यांचे पैसे नव्हतेच; हक्कानं चिडायला एक माणूस मिळत होता, त्याचा तो पगार होता.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. गच्चीवर आग्नेयेचं आकाश मोकळं असेल, सेक्रेटरी सज्जन असेल आणि तुमचा स्वभाव शांत असेल, तर आजच छत्री लावून घ्या. याहून स्वस्त टीव्ही या देशात नाही. स्वभाव आमच्या घरच्यासारखा असेल, तर मात्र निमूटपणे रिचार्ज करत राहा. महिन्याला तीनेकशे रुपयांत इतकं हक्काचं भांडण मुंबईत दुसरीकडं कुठं मिळत नाही.