व्हर्नियर घेऊन चंदेरीला

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीचा रविवार शुक्रवारी येतो. त्यामुळे इथल्या ट्रेकरांची मोहीम निघते ती गुरुवारी रात्री, बाकीचा महाराष्ट्र उद्याच्या डब्याला भाजी कोणती या विचारात असताना. दिवाळीनंतर बेत ठरला चंदेरीचा. कर्जत लोकल पकडायची, बदलापूरच्या पुढे वांगणीला उतरायचं आणि अंधारातच चढून वरची गुहा गाठायची. वाट, भाकऱ्या, चटणी यांवर दोन मिनिटांत एकमत झालं. अडलं ते हेडटॉर्चच्या सेलवर.

स्टोअरकीपर बारीक पेन्सिल सेलचा माणूस. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तो. तीन सेल मिळून वजन जेमतेम ३५ ग्रॅम, आणि टपरीवरसुद्धा मिळतात. जे टपरीवर मिळत नाही त्याचा स्टॉक आपल्याला ठेवावा लागतो, हा त्याचा हिशेब.

लेथवाला १८६५०चा भक्त. आकड्यातच मापं आहेत, म्हणाला: १८ मिलिमीटर व्यास, ६५ लांबी, शेवटचं शून्य म्हणजे जॉब गोल. ज्याचं नावच ड्रॉइंग आहे त्याच्याशी वाद कशाला घालायचा? शिवाय ३.६ व्होल्ट, चांगल्या सेलला ३००० ते ३५०० एमएएच. तीन बारीक सेलांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा, आणि त्यासाठी वाहायचे दहा-बारा ग्रॅम जादा.

भिंतीवरच्या घड्याळातल्या साध्या पेन्सिल सेलची बाजू कोणीच घेतली नाही. मधल्या भावासारखा तो विसरला गेला.

क्वालिटीवाले साहेब लेथवाल्याच्या बाजूने वळले आणि खरेदीला उल्हासनगर गाठलं. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला शहराचं नाव मिळालं १९४९ साली, पण रिक्षावाला अजून 'कॅम्प कितवा?' असंच विचारतो. दुकानात साहेबांनी खिशातून व्हर्नियर काढला. पहिला सेल ६९ मिलिमीटर भरला. आत संरक्षक सर्किट बसवलं की लांबी वाढते. टॉर्चचं झाकण लागेना. रिजेक्ट. दुसऱ्यावर ९९०० एमएएच छापलेलं. असे आकडे जगभरच्या बाजारात छापले जातात, तेवढी जागा मात्र १८६५०च्या पोटात नसते. साहेबांनी शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तो ठेवला: २६ ग्रॅम. खरा सेल ४५च्या आसपास भरतो. पुन्हा रिजेक्ट.

"साहेब, सेल घ्यायचाय की मुलगी बघायला आलात?" दुकानदाराने विचारलं.

तिसरा ४७ ग्रॅम, ६५ मिलिमीटर. पास. साहेबांनी बिलावर 'ओके' लिहून सही केली.

चंदेरीच्या चढणीवर स्टोअरकीपरचा उजेड तासाभरात मंदावू लागला. अल्कलाइन सेल तसा सौम्य. जायच्या आधी बराच वेळ निरोप घेतो. साहेबांचा झोत शेवटपर्यंत पांढराशुभ्र राहिला आणि एका क्षणात गेला. लिथियमवरचे बरेचसे टॉर्च असेच चालतात: सर्किट उजेड एकसारखा ठेवतं आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की थेट बंद करतं.

लेथवाला बराच पुढे निघून गेला होता. त्याने सेल घरी रात्रभर चार्ज केला होता. नवा लिथियम सेल कारखान्यातून पूर्ण भरून येत नाही. लांबी, व्यास, वजन, सगळं तपासणाऱ्या साहेबांच्या चेकलिस्टमध्ये 'चार्जिंग' हा कॉलमच नव्हता.

स्टोअरकीपरने सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून जादाचा हेडटॉर्च काढला. आत तीन बारीक सेल, कोरे. साहेबांनी हात पुढे केला.

"इश्यू स्लिप?" तो म्हणाला.