टपावरची रेंज

इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, ते इथली हवा त्याला मानवेल म्हणून नव्हे. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद, आणि घाटापलीकडे जायचं तर जिवावरचं काम. एवढ्या गुणांवर आमच्या गावाची निवड झाली. पुढे १९२४ मध्ये सावरकरांना तुरुंगातून सोडलं तेही रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही या अटीवर, आणि ती अट १९३७ पर्यंत टिकली. जगाशी संपर्क नसणं ही अशी आमची सरकारमान्य पात्रता होती. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि तिला मोठा धक्का बसला. उरलीसुरली घालवायला माझा मावसभाऊ पुण्याहून आला.

हा मावसभाऊ कॉम्प्युटरवाल्या कंपनीत आहे. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याची बातमी वाचल्यापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता. अखेर त्याने एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, मागच्या सीटा काढल्या, बाकडं, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली, आरटीओचे कागद रीतसर केले, आणि उन्हाळ्याच्या शेवटी मालगुंडच्या अलीकडे आमच्या वाडीत येऊन उभा राहिला. दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी गणपतीपुळ्याचा किनारा, असा बेत. काकूने गाडीला प्रदक्षिणा घातली आणि एकच विचारलं, "मोरी कुठेय?"

बेत चांगला होता, फक्त आमच्या पूर्वजांना तो कोणी कळवला नव्हता. त्यांनी घरं बांधताना पाणी पाहिलं, वाऱ्याला आडोसा पाहिला, आणि सगळी वाडी सड्याखालच्या खोलगटात वसवली. मोबाईलच्या लहरी साधारण सरळ रेषेत चालतात. मध्ये डोंगर आला की वळसा घालून येण्याइतका त्यांना आमचा लळा नाही. त्यामुळे वाडीत रेंजचे पत्ते ठरलेले आहेत. देवळाच्या पायरीवर एक कांडी. आमच्या मागीलदारी, तुळशीपाशी, सकाळी लवकर एक कांडी, तीही तिच्या मर्जीने. पुऱ्या कांड्या हव्या असतील तर सड्यावरचा जांभ्याचा धोंडा. नोकरीच्या मुलाखती, जमिनीचे तंटे, लग्नाच्या बोलण्या, सगळं तिथे उभं राहून आणि वाऱ्यामुळे ओरडून होतं. आमच्या वाडीत कुणाचं काही गुपित राहत नाही, त्याचं श्रेय त्या धोंड्याला आहे.

पण मावसभावाच्या साहेबाला धोंड्यावर हजर होणं हे हजर होणं वाटेना. तेव्हा टपावर अँटेना बसवायचं ठरलं.

इथे थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे, कारण मला ते रोज संध्याकाळी सांगितलं जात होतं. गाडीचा पत्रा लहरी अडवतो. म्हणजे गाडीत बसून फोन हातात धरणं हा आधीच तोटा. अँटेना टपावर, त्यातून निघालेली वायर आत राउटरला, राउटरमध्ये सिमकार्ड. वायर जितकी लांब तितका सिग्नल वाटेतच झिजतो, म्हणून ती आखूड हवी. अँटेनाही दोन जातींच्या. एक चपटी, चहूबाजूंनी ऐकणारी: आमच्या काकूसारखी, चालत्या गाडीतही सगळीकडचं थोडं थोडं टिपते. दुसरी लांबट; ती एकाच टॉवरकडे तोंड करते आणि त्याचंच ऐकते, पण दुरून ऐकते. गाडी उभी असेल तरच तिचा उपयोग. मावसभावाने दोन्ही आणल्या होत्या.

मध्येच बाजारातल्या एका कारागिराने 'बूस्टर' लावून देतो म्हणून सुचवलं. मावसभावाने कानावर हात ठेवले. परवानगीशिवाय बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि कारणही रास्त आहे: आपल्या घरात कांड्या वाढवताना तो टॉवरलाच गोंगाट ऐकवतो आणि आजूबाजूच्यांची रेंज बिघडवतो. राउटरला जोडलेली साधी अँटेना बिचारी कान टवकारते, एवढंच.

त्या लांबट अँटेनाकडे पाहून आमच्या पिढीला गहिवरून येतं. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा कौलांवर अशाच काड्यांचा सांगाडा होता. एक जण कौलांवर, एक खिडकीत निरोप्या, एक टीव्हीसमोर. "आता?" "मुंग्या!" "आता?" "राम दिसला, लक्ष्मण नाही!" दर रविवारी दोन कौलं फुटायची. तो सांगाडा यागी-उदा या जपानी जोडीचा, १९२६ सालचा. गंमत अशी की जपानी लष्करालाच त्याचा पत्ता नव्हता. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, तेव्हा इंग्रजांच्या रडारच्या टिपणांत त्यांना 'यागी' हा शब्द सापडला. त्याचा अर्थ लागेना, म्हणून युद्धकैद्याला विचारलं. त्याने सांगितलं, अहो, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव. शेजाऱ्याने सांगेपर्यंत घरच्या माणसाची किंमत कळत नाही, हा प्रकार केवळ कोकणातला नाही हे वाचून मला बरं वाटलं.

टपाला भोक पाडायची वेळ आली तेव्हा खरा विरोध झाला. "मिरगाच्या तोंडावर छपराला भोक?" काकूने दोन्ही हात कमरेवर ठेवले. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे तिचं म्हणणं मोडणं शहाणपणाचं नव्हतं. शेवटी वायर मागच्या खिडकीच्या रबराखालून आत घेतली. मग जागेचा प्रश्न. मावसभावाने सावली म्हणून गाडी हापूसच्या कलमाखाली लावली होती; पण पानं लहरी पितात, आणि ओली पानं जास्तच. माडाखाली लावली तर अँटेनावर नारळ. म्हणून भर खळ्यात, उन्हात, गाडी उभी राहिली, लांबट अँटेना बांबूवर चढली, मी टपावर आणि मावसभाऊ आत.

"आता?"

"थांब, थोडी पावसच्या बाजूला!"

"आता?"

"आली! तीन कांड्या!"

थिबा राजाने इथून सरकारला अर्जामागून अर्ज धाडले. उत्तरांची वाट पाहत १९१६ साली तो इथेच गेला. संपर्क तोडायला म्हणून कोकणात येतात आणि मग टपावर अँटेना लावतात, अशी पुणे-मुंबईच्या लोकांची थट्टा करायची मला खूप हौस होती. पण तुटलेपण मजेचं वाटतं ते स्वतःहून येणाऱ्याला, मनात येईल तेव्हा परत जाता येतं त्याला. वाडीतल्या माणसाला ती चैन नाही, हे दुसऱ्याच दिवशी दिसलं.

सकाळी शेजारची वहिनी मोबाईल घेऊन आली. नवरा मस्कतला, त्याला बाळाचा दात दाखवायचा होता. मग बारावीचा निकाल पाहायला पोरं. मग तात्या, सातबाराचा उतारा काढायला. मग दोन पोरं नुसतीच, गाडीच्या चाकाला टेकून. पासवर्ड कुणी फोडला ते विचारायची गरज नव्हती. काकू खळ्यातच उभी होती. दुपारपर्यंत मावसभावाच्या मीटिंगमधला साहेब गोठला, तोंड उघडं ठेवून.

"सगळी माझ्याच रेंजवर बसलीत," मावसभाऊ कुरकुरला. "मी काम कसं करू? सोमवारी तर पुण्याला निघायचंय."

तात्यांनी उतारा मोबाईलमध्ये उतरवून तो खिशात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मग जा की. गाडी राहू दे इथेच, तू एसटीने जा."