आईकडून ब्रिटिश व्हा: नगरकर नवशिक्यांसाठी

सर्वांत आधी आई नीट निवडा. ती विलायतेत जन्मलेली असली की उत्तम. आजी विलायतेची आणि आई श्रीगोंद्याची, असा मेळ सहसा चालत नाही. अशा आजीच्या जोरावर फार तर पाच वर्षांचा अँसेस्ट्री व्हिसा पदरात पडतो. पणजी म्हणे कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाची लेक होती, ही घरातली दंतकथा लग्नकार्यात सांगा, अर्जात नको.

मग स्वतःची जन्मतारीख निवडा. 1 जानेवारी 1983 रोजी किंवा त्यानंतर जन्मलात तर अशा आईकडून नागरिकत्व आपसूक मिळतं, अर्जाची मजाच नाही. त्याआधी परदेशात जन्मलात, तर विलायतेच्या कायद्याला तुमचा बाप तेवढा दिसायचा. पुढे 2003 मध्ये जरा नजर सुधारली, पण 7 फेब्रुवारी 1961 नंतर जन्मलेल्यांपुरतीच. म्हणजे 8 तारखेच्या बाळाला आई होती, 7 तारखेच्या बाळाला नव्हती. त्या थोरल्या बाळांना आई मिळायला 2010 उजाडलं.

इंग्रजांना हसण्याआधी आपला 1955 चा नागरिकत्व कायदा चाळा. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळू लागलं ते 10 डिसेंबर 1992 पासून. तोवर इथेही वडिलांचंच नाव विचारत.

नमुन्यादाखल नगरचाच अर्जदार घेऊ. स्पाइक मिलिगन, जन्म 16 एप्रिल 1918, अहमदनगर. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत, आई इंग्लिश. स्वतः दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होता, इटलीत जखमी झाला. नंतर बीबीसीवरच्या ‘द गून शो’मधून त्याने अख्ख्या ब्रिटनला हसवलं. एवढ्या भांडवलावर 1960 मध्ये पासपोर्ट मागायला गेला, तर आधी राजनिष्ठेची शपथ घे म्हणाले. लढाईत रक्त सांडलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे कमालच. तो काही शपथ घेईना, ते काही पासपोर्ट देईनात. शेवटी 1962 मध्ये वडिलांच्या नावावर तो आयरिश झाला. 2001 मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहूड दिलं, तेही मानद, कारण गडी परका! 2002 मध्ये तो वारला. त्याच्या वयाच्या लोकांसाठी आईचा रस्ता खुला झाला तो त्यानंतर आठ वर्षांनी. तेव्हा अर्जदाराने प्रकृती सांभाळावी.

जन्मस्थळाच्या रकान्यात दाखल्यावर असेल तेच गाव लिहा. दाखल्यावर अहमदनगर आणि पत्त्यात अहिल्यानगर आलं, तर ही दोन्ही एकच, हे लंडनच्या कारकुनाला समजावण्याची तयारी ठेवा. अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला देण्याचा आणि मुलाच्या नावापुढे वडिलांआधी आईचं नाव लावण्याचा, असे दोन्ही निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्येच घेतले. विलायतेच्या फॉर्मवर त्याचा काडीचा परिणाम नाही.

अर्जाला फी नाही, नागरिकत्वाच्या समारंभाला आहे. त्या समारंभात राजाची शपथ घ्यावीच लागते. मिलिगनगिरी करू नका. शपथ घेतलीत की भारतीय नागरिकत्व गेलं. पासपोर्ट परत करा, ओसीआय कार्ड घ्या आणि ग्रामपंचायतीच्या मतदानाला विसरा. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. म्हणजे पारनेरची दोन एकर वडिलांकडूनच येणार. निघण्याआधी सातबारा काढून ठेवा.