पोट्ट्याचा हप्ता

अमेरिकेत पोरगं सोळाचं होऊन लायसन्स घेतं, तेव्हा बापाला गाडीच्या विम्यात त्याचं नाव घालावं लागतं आणि वाढलेला हप्ता पाहून घाम फुटतो. वऱ्हाडात ही कटकट नाही. १,००० ते १,५०० सीसीच्या कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये, मग स्टिअरिंगवर निवृत्त हेडमास्तर असोत की नववीतलं शेंडेफळ! कंपनी विचारत नाही, बाप सांगत नाही.

चौकात मात्र न विचारता सांगतो, "आमचं पोट्टं काय गाडी चालोते, बाप्पा!" लायसन्स अठराव्या वर्षी, हौस चौदाव्या. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला. आता त्याच रस्त्यावर चिरंजीवांना स्वतःचा विक्रम करायचा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ ने बापाच्या या कौतुकाचाही दर ठरवून दिलाय: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोट्ट्याला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अपघात झालाच, तर जखमीची भरपाई कोर्ट बहुधा विमा कंपनीला आधी भरायला लावतं आणि मग ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं.

थोडक्यात, अमेरिकेतला बाप हप्त्याहप्त्याने भरतो. आपला बाप एकरकमी.