करपलेली पोळी चालणार नाही

“काकू, धुळवडीचं मटण चढलेलं दिसतंय. वास पार इकडं!”

“चढलंय गं. पण काल तुझ्या लेकानं माझी पोळी परत केली, कळलं का?”

“अगं बाई, परत?”

“हो तर! टोपली घेऊन पाच-सहा जणं दारात. मी आपली कडेला करपलेली दिली. म्हटलं, होळीतच जायची होती एरवी. तर म्हणतो, ‘आजी, ही तुम्ही खाल का?’ मग काय, तुपाची काढून दिली डब्यातली.”

“नियमच केलाय त्यांनी. करपलेली, शिळी, दुधात भिजवलेली घ्यायची नाही.”

“हे दाभोलकर डॉक्टरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं ना?”

“हो, आपल्या साताऱ्याचेच की ते. १९८९ ला समिती काढली. होळी लहान करा, पोळी दान करा, हे त्यांचंच. २०१३ मध्ये पुण्यात गोळ्या घातल्या डॉक्टरांना, पण पोरं पोळ्या मागत फिरतायत बघा.”

“शाळेनं पाठवलं असेल.”

“कुठलं! शाळेत नुसती घोषणा फळ्यावर लिहिली. टोपली कुणाची, कुठली आळी कुणाकडं, सगळं संध्याकाळी पारावर ठरलं. मी तोंड घातलं तर म्हणे, आई, तू थांब.”

“आमचे मामंजी असेच. राष्ट्र सेवा दल १९४१ ला निघालं, एसेम जोशी दलप्रमुख. मामंजी शाखेतून खराटा घेऊन गावसफाईला जायचे. घरात स्वतःचं ताट उचलत नव्हते, ती गोष्ट वेगळी!”

“पण मोठ्यांनी मागितली असती तर दिली असती का तुम्ही?”

“छे! आधी विचारलं असतं, कुठल्या पक्षाचे? होळीला पोरांनी दारोदार फिरायचंच असतं गं. आमचे भाऊ लाकडं, गोवऱ्या पळवायचे, कोण बोलत नव्हतं. त्याच हक्कानं मागतात ही. बरं, नेल्या कुठं?”

“ऊसतोडीच्या कोप्यांवर. पुरण सकाळपर्यंत आंबतं या उकाड्यात, म्हणून रात्रीच. हे गेले होते सोबत. तिथल्या पोरांनी काय केलं, आपल्या पोरांनाच बसवून भाकरी-ठेचा खायला घातला! दान करायला गेलेले जेवून आले.”

“घ्या!”

“आणि आल्यापासून एकच धोशा, ती पोरं शाळेत का नाहीत? आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमारास बीडकडनं निघतात, पाडव्यापर्यंत फडातच. मी म्हटलं, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं वर्षात कधीही नाव घालता येतं. झालं! उद्या सगळे मुख्याध्यापकांना भेटायला निघालेत.”

“हंगाम तर संपत आला.”

“म्हणूनच. पुढच्या खेपेला टोळी आली की पहिल्या आठवड्यात नावं घालायची, हे आत्ताच वदवून घेणार म्हणे. मला येऊ नको म्हणून बजावलंय.”

“तू नकोच जाऊस. मी जाते. हुसकावून लावतात गं एकट्या पोरांना. बरं, वाटी दे इकडं, रस्सा घालते.”